मापाचा माणूस

रस्त्याची लांबी तीनशे बेचाळीस मीटर. रुंदी कुठे सात, कुठे नऊ, आणि वाचनालयापाशी एकदम साडेपाच, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिथल्या पायऱ्या पुढे ओढल्या आणि त्या वेळी कुणी हरकत घेतली नाही. दोन्ही बाजूंना दुमजली घरं. खाली दुकानं, वर लाकडी सज्जे. दगडी फरसबंदीला मधूनमधून डांबराची ठिगळं. गावात मोठा असा तो एकच, त्यामुळे सगळे त्याला नुसतं 'रस्ता' म्हणायचे.

मला त्या रस्त्याची नवी आखणी करून द्यायची होती. पाणी तुंबू नये, म्हाताऱ्या माणसांना नीट चालता यावं, गाड्यांनी दुकानांच्या दारात नाक खुपसू नये, आणि हे सगळं जुन्याला धक्का न लावता. शिवाय गावाला विचारून. आमच्या धंद्यात हल्ली गावाला विचारणं सक्तीचं आहे. पूर्वी आम्ही स्वतःच्या मनाने चुकायचो, आता सर्वानुमते चुकतो.

पद्धत अशी, की वाचनालयाच्या तळमजल्यावर दोन टेबलं जोडून त्यांवर आराखडा पसरायचा. रस्त्याची घड्याळाच्या दुकानाकडची बाजू, समोरून दिसेल तशी, सलग बारा फुटी कागदावर. नवे दिवे, झाडं, बाक, सगळं दाखवलेलं. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या, पेन्सिली आणि एक बंद पेटी. चार आठवडे लोकांनी यावं, बघावं, वाटेल ते लिहून टाकावं. नाव घालायची गरज नाही. दर शुक्रवारी मी बसने यायचं आणि पेटी उघडायची.

दालनाची किल्ली मास्तरीणबाईंकडे होती. त्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षर गिरवायला लावलेलं. त्यामुळे बिननावाच्या चिठ्ठ्यांचं बिंग त्या पाच मिनिटांत फोडायच्या. "हा गधडा पन्नाशीला आला तरी ओळ सरळ लिहीत नाही," असं म्हणून चिठ्ठी माझ्या हातात द्यायच्या.

पहिल्या शुक्रवारी एकसष्ट चिठ्ठ्या निघाल्या. झाडं लावा. झाडं नकोत, पानं कोण झाडणार. दिवे पिवळे हवेत. पाववाल्याचा फळा आत घ्यायला सांगा, कपाळमोक्ष होतो. एकाने सबंध पानभर शेजाऱ्याच्या पन्हळीविषयी लिहिलं होतं. आणि एक अशी: 'घड्याळाच्या दुकानासमोर बाक दाखवलाय ते बरं केलंत. ते गृहस्थ रोज किती वेळ उभे असतात. पाय दुखत असतील.'

अशा मजकुराच्या पाच चिठ्ठ्या होत्या. पाचही वेगळ्या हातांच्या.

"कोण हे गृहस्थ?" मी विचारलं.

"असेल कुणीतरी रिकामटेकडा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी त्या टोकाला जात नाही. माझं सगळं अलीकडेच मिळतं."

मी वहीत 'बाक: पाठिंबा' असं लिहिलं आणि साडेपाचची बस पकडली.

रविवारी नेहमीप्रमाणे नणंदेचा फोन आला. माझा नवरा तिचा थोरला भाऊ. आठ महिन्यांपूर्वी, भर दुपारी, बँकेच्या रांगेत उभा असताना त्याचं हृदय थांबलं. त्या दिवशी मी दुसऱ्याच एका कामावर होते, हॉस्पिटलात पोचायला दोन तास लागले. तिथल्या कर्मचाऱ्याने चादरीला हात लावून विचारलं, "चेहरा बघणार?" मी म्हटलं, "नको. सही कुठे करायची ते सांगा." का म्हटलं ते मला सांगता येत नाही. अंत्यविधीच्या वेळीही मी मागच्या रांगेत फोनवर होते, गाड्यांची व्यवस्था बघत. आणि तेव्हापासून मला त्याचा चेहरा आठवत नाही. फोटोत दिसतो, पण तो फोटोतला वाटतो.

"वहिनी, रडलीस का गं?" नणंदेने विचारलं. दर रविवारी विचारते.

"वेळ नाही मिळाला."

"रडायला काय वेळ काढावा लागतो?"

"काढावा लागेलसं दिसतंय," मी म्हटलं. मी चेष्टा करत नव्हते. सकाळी उठत होते, डबा भरत होते, कामं वेळेवर देत होते. आतून काही हलत नव्हतं. तिला वाटायचं, मी धीराची आहे.

दुसऱ्या शुक्रवारी मी चालीची नोंद घेतली. हेही आमचं ठरलेलं काम. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खिडकीत बसायचं, समोर रस्त्याचा नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, आणि खालून जाणारं प्रत्येक माणूस कसं चाललं ती रेघ पेन्सिलीने ओढायची. तासाभरात कागदावर रस्त्याच्या सवयी उमटतात. लोक कुठे घाई करतात, कुठे रेंगाळतात, कुठला खड्डा चुकवतात.

मी औषधांच्या दुकानाच्या माडीवर बसले होते, घड्याळाच्या दुकानाच्या तिरकस समोर. दुपारी चारपर्यंत रेघा सरळ होत्या. चारनंतर त्या एका जागी वाकायला लागल्या. घड्याळाच्या दुकानापासून दीड मीटरवर, जिथे मी बाक सुचवला होता तिथे. डावीकडून येणारे दुकानाकडे सरकायचे, उजवीकडून येणारे रस्त्याच्या मध्याकडे. सायकलवाल्याने घंटीही वाजवली. मी खाली उतरून बघितलं. सपाट फरसबंदी होती. ओल नाही, उंचवटा नाही, खांब नाही.

वर येऊन आणखी रेघा ओढल्या. पाच वाजता कागदावर एकशे बारा रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये एक कोरी जागा राहिली होती, साधारण एका माणसाच्या खांद्यांएवढी रुंद.

त्या दिवशीच्या पेटीत त्या गृहस्थांविषयी एकोणीस चिठ्ठ्या होत्या. 'त्यांना सांगा, थोडं बाजूला उभे राहा.' 'बोललं तर उत्तर देत नाहीत.' 'आई म्हणते, त्या बाजूने जाऊ नको.' आणि एका बारीक, टोकदार अक्षरातली: 'त्यांच्या निळ्या शर्टाची कॉलर मागून उसवली होती, ती पांढऱ्या दोऱ्याने शिवली आहे. सहा टाके. शेवटचा तिरका.'

मी ती दोनदा वाचली. मग टेबलापाशी जाऊन आराखड्यावर घड्याळाचं दुकान शोधलं.

आराखड्यात मापासाठी माणूस उभा करावा लागतो. माणूस नसेल तर बाक किती उंच, दिवा किती वर, हे बघणाऱ्याला कळत नाही. आमच्या धंद्यात प्रत्येकाचा असा एक ठरलेला माणूस असतो. माझा माणूस म्हणजे माझा नवरा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो माझ्यापुढे चालत असताना मी मागून फोटो काढला होता, त्याची कडा कापून नुसती करडी आकृती केली होती. पाच फूट आठ इंच. पंधरा वर्षं मी त्याला सगळीकडे उभा केला. बसथांब्यांवर, बागांत, एका तुरुंगाच्या फाटकाशीही. तो म्हणायचा, बाकी काही नाही, निदान सावलीत तरी उभं करत जा.

इथेही मी त्याला उभा केला होता. हात सवयीने चालतो. बाकाशेजारी, पाठमोरा, पावणेदोन सेंटीमीटर उंच. करड्या रंगात ना शर्ट दिसत होता ना कॉलर.

ती कॉलर मी शिवली होती. निळा दोरा संपला होता.

"हे अक्षर कुणाचं?" मी मास्तरीणबाईंना विचारलं.

त्यांनी चष्मा वर केला. "घड्याळजीचं. असं कोरल्यासारखं दुसरं कोण लिहिणार?"

घड्याळजीचं दुकान हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. आत शंभरेक घड्याळं, सगळी एकच वेळ दाखवणारी. त्याने कपाळावरचं भिंग काढून बाजूला ठेवलं आणि मला स्टूल दिलं. साठीचा, नीटनेटका माणूस. बोलण्याआधी त्याने दाराकडे एकदा बघून घेतलं.

"मॅडम, माझं काम बारीक बघायचं आहे, म्हणून ते टाके दिसले," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मला वाटलं, दुकानात यायचंय पण संकोच वाटतोय. म्हणून मी बाहेर गेलो. म्हटलं, या की आत. वळले नाहीत. मग मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो."

"मग?"

"पाठ होती."

बाहेरून एक बाई पिशवी सावरत गेली. त्या जागेपाशी ती बाजूला सरकली.

"मला वाटलं, ते वळले असतील. मी उजवीकडून गेलो. पाठच. डावीकडून गेलो. मी पूर्ण फेरी मारली मॅडम. चारी बाजूंनी पाठच आहे."

"तुम्ही काय केलंत?"

"दुकान बंद करून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी चारला परत होते. काय करणार? सवय होते माणसाला. गिऱ्हाइकांना नाही होत. त्यांनी यायचं सोडलं."

मी त्याला सांगितलं, की आराखडा बघून लोकांच्या मनात एक चित्र बसतं, एकाने म्हटलं की दुसऱ्याला दिसायला लागतं, याचे पुष्कळ दाखले आहेत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"असेल," तो म्हणाला. "आत्ता आहेत. बघा."

मी बघितलं. समोर पाववाल्याचं दुकान होतं, त्याचा तो फळा होता, आणि मध्ये ऊन होतं.

पुढचा आठवडा मी बराचसा नुसती बसून होते. भीती वाटत नव्हती. मला त्याला बघायचं होतं. आठ महिन्यांत मला एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं, चहासुद्धा नाही. गावातल्या परक्या माणसांना, पाववाल्याला, सायकलवाल्याला तो दिसत होता. मला एकदा दिसावा आणि त्याने एकदा वळावं, इतकंच मला हवं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी पावणेचारला मी त्या जागी जाऊन उभी राहिले.

चार वाजले. दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजली. मला काही जाणवलं नाही. पण लोक आता आमच्या दोघांच्या बाजूने जायला लागले. एकटीला चुकवायला लागतं त्याहून लांबून.

"थोडं डावीकडे," घड्याळजी दारातून म्हणाला. "हां. आता अगदी समोर आहेत. हातभर."

मी हात पुढे केला. हवा होती, उन्हाने तापलेली. मी त्याला नावाने हाक मारली, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. मग जरा मोठ्याने.

"वळला?"

घड्याळजीने मान हलवली. नाही.

मी फेरी मारली. एक, दोन, तीन. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. कुणी हसलं नाही.

"राहू द्या मॅडम," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही कुठूनही गेलात तरी तुमच्याकडे पाठच आहे."

शेवटची सभा दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी होती. वाचनालयात त्रेचाळीस माणसं आली. पिवळे दिवे मंजूर झाले. झाडं सहाऐवजी चार. पाववाल्याने फळा आत घ्यायचं कबूल केलं, त्यावर टाळ्या पडल्या. मग मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक कागद होता, त्यावर एकतीस सह्या होत्या. पहिल्यांदाच लोकांनी नावं घातली होती.

"त्या गृहस्थांना काढावं, अशी विनंती आहे," त्या म्हणाल्या. "त्या बाजूने कुणी चालत नाही आता. चार दुकानं ओस पडली. आम्ही भिंग लावून बघितलं, तुमच्या कागदावर ते आहेत. चित्रात आहेत म्हणून तिथे उभे आहेत, की तिथे आहेत म्हणून तुम्ही चित्रात काढले, ते आम्हाला कळत नाही. पण खोडरबर तुमच्याकडे आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखाद्याच्या घरातलं आजारपण विचारावं तसे.

"तुमचे कोण लागतात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मला सांगता आलं असतं. माझा नवरा आहे, आणखी एक आठवडा राहू द्या, मला त्याचा चेहरा बघायचाय, असं म्हटलं असतं तर त्या माणसांनी राहू दिला असता. तशी होती ती माणसं. मी तोंड उघडलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मापासाठी असतो."

घड्याळजी खिडकीपाशी बसला होता. त्याने बाहेर रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे बघून त्याने नजर खाली घातली.

सव्वाचार वाजले होते.

सोमवारी ऑफिसात मी संगणकावर आराखडा उघडला. त्याच्यावर टिचकी मारली. त्याच्याभोवती एक चौकट आली. मी ती चौकट थोडा वेळ बघत बसले आणि मग खोडायची कळ दाबली. त्याच्या मागची दुकानाची पायरी दिसायला लागली. बाक किती उंच आहे ते आता कळत नव्हतं. मी तिथे तयार आकृत्यांच्या साठ्यातली एक बाई उभी केली, हातात छत्री असलेली, कुणाचीही नसलेली. जेवले. दुपारची कामं केली.

चौथ्या शुक्रवारी मंजुरीच्या सह्या घ्यायला गेले तेव्हा रस्ता वाहता होता. घड्याळाच्या दुकानासमोरून दोन बायका बोलत बोलत सरळ गेल्या. सायकलवाला सरळ गेला. मास्तरीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. पेटीत एकच चिठ्ठी होती, 'आभारी आहोत' अशी.

घड्याळजीने सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि कागद मला लगेच दिला नाही.

"गेले ते," तो म्हणाला. "सोमवारी. साडेअकरा वाजता."

मी कळ दाबली ती वेळ मी कुणाला सांगितली नव्हती.

"साडेअकराला ते इथे कसे? चारला येतात ना?"

"त्या शनिवारनंतर गेलेच नव्हते. सभेपासून उभे होते. शनिवार, रविवार, रात्रंदिवस." त्याने बाहेर त्या जागेकडे बघितलं. "जाताना वळले मॅडम."

"तुम्ही चेहरा बघितलात?"

"बघितला."

"कसा होता?"

त्याच्यासारख्या माणसाला खरं तर पापण्यांचे केससुद्धा मोजून सांगता आले असते.

"साधा," तो म्हणाला. "चांगला माणूस वाटला. दुकानाच्या पायरीपर्यंत आले आणि मला विचारलं, 'ती खरंच कोणी नाही म्हणाली?' मी काय सांगणार? हो म्हटलं." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचे यजमान ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. या वेळी हलवली.

"मला तसं वाटलंच. रागावले वगैरे नाहीत. 'बरं,' म्हणाले. 'रस्त्यात नको. घरी जाऊन बोलतो.'"

बस सहाला शहरात पोचली. अजून ऊन होतं. मी थांब्यावरून चालत घरी आले. फुटपाथवर समोरून येणारी माणसं मला चुकवून जात होती. किती लांबून, ते मी बघितलं नाही.

आमच्या इमारतीचा जिना एक मीटर पाच सेंटीमीटर रुंद आहे. दोन माणसं एकमेकांना घासून जातात, म्हणून उतरणाऱ्याने भिंतीला लागून थांबायचं अशी रीत पडली आहे. दुसऱ्या मजल्यावर वरची भाडेकरू मुलगी भेटली. दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेली, आमच्याकडचं तिला काही माहीत नाही. ती भिंतीला लागून थांबली, माझ्याकडे बघून हसली. मी पुढे गेले.

वळणावर पोचले तरी ती थांबलेलीच होती. माझ्याकडे तिची पाठ होती, ती खाली बघत होती.

"या ना काका," ती म्हणाली. "सावकाश या."

मी वर गेले. कुलूप काढलं. दार उघडलं आणि ते हाताने धरून उभी राहिले.

जिन्यात कुणी दिसलं नाही.

खाली त्या मुलीच्या चपला वाजायला लागल्या, आणि मी नऊपर्यंत मोजलं. आमच्या वळणापासून दारापर्यंत नऊ पायऱ्या आहेत. नऊ झाल्यावर मी बाजूला सरकून एका माणसाएवढी वाट दिली, आणि मग दार लावून घेतलं.